सत्कारानंतरचा रविवार

रायपूरच्या मराठी माणसाला समिती फार आवडते. गणपतीची समिती, सहलीची समिती, वधू-वर मेळाव्याची समिती, आणि या सगळ्यांत भांडण झालं की ते मिटवायला आणखी एक. मी या रोगापासून मुक्त आहे असा माझा समज होता. ऑफिसात दिवसभर बैठका बघून माझा जीव इतका विटलेला असतो की घरी कोणी "जरा बसून बोलू" म्हणालं तरी मी उभ्यानेच बोलते. तरीही आमच्या स्काऊट-गाईड पथकाची पालक समिती काढली ती मीच, आणि तीसुद्धा रागाच्या भरात.

माझी मुलगी तेव्हा नुकतीच गाईड झाली होती. ब्राह्मणपाऱ्यातल्या एका जुन्या शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी पथक भरायचं. शाळेचा संबंध मैदानापुरता आणि एका अंधाऱ्या खोलीपुरता, जिथे तंबू आणि दोर ठेवलेले असत. पथक चालवायचे ते एकटे सर. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, मूळचे वर्ध्याकडचे, अंगाने काटक आणि बोलायला मोजके. मी शंकर नगरहून मुलीला स्कूटीवर आणून सोडायची आणि बाकीच्या पालकांसारखीच गाडी वळवून निघून जायची. सर आहेत म्हणजे सगळं आहे, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो.

एका रविवारी मुलीची पाण्याची बाटली डिक्कीतच राहिली म्हणून मी परत फिरले. सर एकटेच तंबूचं कापड ओढत होते. चेहरा लाल झालेला, डोळे तापाने चकाकत होते. मुलं लहान, त्यांच्याने ते भिजून जड झालेलं कापड हलेना. आणि फाटकाबाहेर दोन-तीन धडधाकट बाप भिंतीला टेकून मोबाइल बघत उभे होते.

"सर, ताप आहे ना तुम्हाला? घरी काहून नाही थांबले?" मी विचारलं.

"मी थांबलो तर इथं कोण उभं राहीन, ताई?"

त्यात तक्रार नव्हती, टोमणा नव्हता. किती वाजले हे विचारावं तसं त्यांनी विचारलं. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. मी फाटकाबाहेर गेले आणि त्या बापांना जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांनी निमूट येऊन तंबू उभा केला. वाकडा केला, पण केला. संध्याकाळपर्यंत मोबाइलवर आमचा गट तयार झाला होता आणि त्यात लोक एकमेकांना फुलांची चित्रं पाठवायला लागले होते.

माणसं कामाला लावण्याची एक युक्ती मला त्या काळात सापडली. "कोण कोण मदत करेल?" असं सभेत विचारलं की सगळे पंख्याकडे बघतात. तसं विचारायचंच नाही. एखाद्याला गाठून सांगायचं, "भाऊ, तुमच्या दुकानाचा टेम्पो रविवारी उभाच असतो ना, मग बांबू त्यातून येतील." त्याला काही विचारलेलंच नसतं, तर तो नाही कसं म्हणणार? असं करत करत समिती उभी राहिली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका अध्यक्ष झाले. त्यांचा होकार माझ्या प्रश्नाच्या आधीच आला. सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भांडार सांभाळणारे भाऊ सामानाचे प्रमुख झाले. पोहे कोणी आणायचे, पाणी कोणी भरायचं, लहान पोरांना कोणाच्या गाडीतून आणायचं, सगळं ठरलं.

आणि खरं सांगते, आम्ही झकास काम केलं. सिलतऱ्याच्या भाऊंनी ती अंधारी खोली धुऊन काढली, भिंतीला खुंट्या मारल्या, दोर जाडीप्रमाणे टांगले, दाराला नवं कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. काकांनी स्काऊट-गाईडच्या वरच्या कार्यालयाशी होणारा सगळा पत्रव्यवहार आपल्याकडे घेतला. पालकांना फोन करणं माझ्याकडे आलं. पूर्वी हे सगळं सर करायचे, सायकलवर दोर लादून, खिशात चिठ्ठ्या कोंबून. आता सर मैदानावर येत तेव्हा तंबू उभा असे, दोर मांडलेले असत, मुलांचं पाणी पिऊन झालेलं असे. सर हात मागे बांधून उभे राहत. एकदा मी त्यांना खोलीत पाहिलं. भाऊंनी नीट गुंडाळून टांगलेला एक दोर त्यांनी खाली काढला, पूर्ण सोडला आणि पुन्हा गुंडाळून त्याच खुंटीला टांगला. मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा चाळा. मी गालातल्या गालात हसले आणि पोह्यांकडे वळले.

दिवाळीनंतरच्या बैठकीत काका म्हणाले, "सरांसाठी आपण काहीतरी करायला हवं." आता मराठी माणसाला कोणासाठी काहीतरी करावंसं वाटलं की त्याच्या डोळ्यांसमोर शाल आणि नारळ सोडून दुसरं काही येतच नाही. कोणी विरोध केला नाही. मीही केला नाही, उलट सूत्रसंचालन मागून घेतलं. एवढी वर्षं या माणसाने आपली पोरं घडवली आणि आपण कधी साधं धन्यवाद म्हटलं नाही, असं सगळ्यांनाच मनापासून वाटत होतं.

सर गणवेशात आले. कडक इस्त्री, गळ्यात स्कार्फ, बूट चकचकीत. त्यांच्या पत्नी पहिल्या रांगेत बसल्या. मुलांनी सलामी दिली. मग काकांनी त्या गणवेशावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि भाषण केलं. काकांनी बँकेत असताना असंख्य लोकांच्या निरोप समारंभात भाषणं केली होती, त्यामुळे त्यांना शब्द शोधावे लागत नाहीत. "सरांनी आता निवांत व्हावं," ते म्हणाले, "घराकडे, तब्येतीकडे लक्ष द्यावं. समिती समर्थ आहे. त्यांचं पुढचं आयुष्य सुखासमाधानाचं जावो." आम्ही टाळ्यांचा कडकडाट केला. मी तर माइकवरून आणखी एकदा टाळ्या मागून घेतल्या.

सरांना बोलायचा आग्रह झाला. ते उठले आणि म्हणाले, "पोट्टे चांगले आहेत. सांभाळजा." आणि बसले. किती विनम्र माणूस, असं आम्ही जेवताना एकमेकांना सांगितलं.

पुढच्या रविवारी समितीतले सगळे आले. पाणी आलं, पोहे आले, टेम्पो आला. सर आले नाहीत. पथक सुरू होताना मुलं घोड्याच्या नालेसारखी उभी राहतात आणि नालेच्या उघड्या तोंडाशी सर असतात. त्या दिवशी मुलं उभी राहिली आणि समोरची ती जागा रिकामी. काका पुढे जाऊन थोडं बोलले, मुलांनी ते शाळेतल्या प्रमुख पाहुण्यांचं ऐकतात तसं ऐकून घेतलं. मग कोणाला पुढे काय ते सुचेना. आम्ही पोहे वाटले.

"मम्मी, सर क्यों नहीं आए?" मुलीने घरी जाताना विचारलं. ती माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते. मी म्हटलं, येतील पुढच्या वेळी. पुढच्या वेळीही नाही आले. मी फोन केला तर म्हणाले, "तब्येत बरी आहे, ताई. तुम्ही लोक आहा ना आता."

जानेवारीत जंगलातलं शिबिर होतं. मोठ्या मुलांची परीक्षा तिथेच व्हायची होती आणि तिची तयारी त्यांनी वर्षभर केली होती. प्रशिक्षण घेतलेला माणूस बरोबर नसेल तर पथकाला शिबिरात घेत नाहीत, आणि तसा माणूस आमच्यात एकच होता. समितीत एवढे पदाधिकारी, पण मुलांसमोर उभं राहून त्यांना काही शिकवू शकेल असा त्यांत कोणी नव्हता. गटावर चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, सरांच्या डोक्यात मान चढला. कोणी म्हणालं, दुसरा माणूस बघा. एकाने तर शाल हलकी वाटली असेल अशी शंका काढली. मी मोबाइल पालथा ठेवला आणि सरांच्या घरी गेले.

रेल्वेलाइनच्या पलीकडच्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांचं लहानसं घर आहे. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. मला बसवलं, पाणी दिलं, आणि सर आतून यायच्या आधीच हलक्या आवाजात विचारलं, "काय केलं बाई तुम्ही यांच्यासंगं? रविवारी सकाळी उठतात, बूट पुसतात, अन् खुर्चीवर बसून राहतात. बोलत नाहीत, चालत नाहीत. मले तर धाकधूक होऊन राहिली."

सर आले. मला आडवळणाने बोलता येत नाही. "सर, तुम्ही काहून नाही येऊन राहिले?"

"निरोप दिला ना तुम्ही."

मला आधी हसूच आलं. "निरोप? अहो सर, सत्कार होता तो!"

"ताई, चालत्या माणसाले कोणी शाल घालते का?" ते अगदी शांतपणे म्हणाले. "शाल-नारळ जाणाऱ्याले देतात. अन् काकांनी सांगतलंच ना, निवांत व्हा म्हणून."

मी काकांच्या वतीने काहीतरी बोलायला लागले. सरांनी हाताने थांबवलं.

"वर्कशॉपमध्येही असाच कार्यक्रम झाला होता. हार, शाल, भाषणं. साहेब म्हणाले, हे तुमचंच घर आहे, कधीही या. मले खरंच वाटलं ते. सोमवारी सकाळी पाय आपोआपच तिकडे गेले. गेटवर नवा पोट्टा होता. त्यानं विचारलं, 'बाबूजी, किस काम से आए हैं?' मले सांगताच नाही आलं. तिथून घरापर्यंत चालत आलो. या खेपेले म्हटलं, कोणी विचारायच्या आधी आपणच समजून घ्यावं."

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्नही मी केला नाही. त्यांच्या पत्नी भिंतीकडे बघत उभ्या होत्या. ही गेटवरची गोष्ट त्यांनीही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकली, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"अन् एकट्या शालीवरून नाही समजलो मी," सर पुढे म्हणाले. "आधी दोर गेले. मग खोलीची किल्ली. मग चिठ्ठ्या, फोन. मले वाटलं, चांगले लोक आहेत, हळूहळू सांगून राहिले."

मी त्यांचा गैरसमज दूर करायला गेले होते आणि तिथे बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की यात गैरसमज फारसा नव्हताच. पाहणाऱ्याने पाहिलं तर आम्ही तेच करत होतो. त्या माणसाला कशाचं ओझं होतं आणि कशात त्याचा जीव होता, हे आम्ही कधी विचारलं नाही. दिसेल ते उचललं. आईच्या हातातलं लाटणं काढून घेऊन तिला हॉलमध्ये टीव्हीसमोर बसवणाऱ्या सुना-लेकी मी पाहिल्या आहेत, मीही तेच केलं आहे, आणि आई बिचारी जाहिराती बघत बसते. प्रेमानेच करतो आपण ते. त्यामुळे तर तिला तक्रारही करता येत नाही.

पण मला नुसतं वाईट वाटून थांबता येत नाही, लगेच राग येतो. "तुम्हाला काढलं असं वाटलं तर भांडायला काहून नाही आले?" मी जवळजवळ ओरडलेच.

सर पहिल्यांदा हसले. "भांडाले हक्क लागते, ताई."

"मग आहे तो. शनिवारी बैठक आहे. या आणि भांडा."

ते आले. दाराजवळच्या खुर्चीवर बसले. काकांनी सत्कार म्हणजे कृतज्ञता असते यावर बराच वेळ सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांचाच आवाज कापायला लागला. निवृत्तीच्या वेळी शाल त्यांनाही मिळाली होती. भाऊंनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या खोलीवर त्या माणसाने खरोखर जीव लावला होता.

सरांनी किल्ली उचलली नाही. "राहू द्या तुमच्यापाशी," ते म्हणाले. "दोर भी राहू द्या. पण जो दोर सांभाळते त्याले गाठी आल्या पाहिजेत. मले दोर उचलणारे नको, बांधणारे पाहिजेत. रविवारी पोट्ट्यांसंगं रांगेत उभे राहा सगळे. मी येतो."

आमची समिती त्या रविवारी निम्मी झाली. पोहे आणणं वेगळं आणि थंडीत सकाळी आपल्याच पोरांसमोर वाकून गाठ मारणं वेगळं. पण जे आले ते आले. काका गुडघ्यांमुळे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून शिकले. भाऊंना पटापट जमलं. मला अजिबात जमत नव्हतं आणि सरांनी मला मुलींच्या ज्या टोळीत घातलं तिची नायिका नेमकी माझी मुलगी. "मम्मी, ऐसे नहीं, पहले दायाँ ऊपर," ती दर वेळी सांगायची, आणि हे सांगताना तिला जो आनंद व्हायचा तो मी तिच्या वाढदिवसालाही पाहिला नव्हता. सर रांगेतून फिरत. हात मागे बांधलेले नसत. कोणाचा दोर ओढून बघ, कोणाचं बोट सरळ कर, असं चाललेलं असे.

शिबिराला आम्ही गेलो. मुलींबरोबर बाईमाणूस लागतंच, म्हणून मी तेवढ्यात एक छोटं प्रशिक्षण उरकलं आणि ऑफिसातून रजा काढून सोबत गेले. मोठ्या मुलांची परीक्षा झाली, चांगली झाली. मला मात्र शेवटच्या सकाळचं आठवतं. धुकं होतं, झेंड्यासमोर पथक उभं होतं, आणि आज्ञा द्यायच्या वेळी सर बुटाची नाडी बांधायला खाली वाकले. मुलांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. सर काही उठेनात. शेवटी मीच ओरडले, "दल, सावधान!" माझा आवाज मध्येच फाटला. मागच्या रांगेत खुसखुस झाली, पण टाचा जुळल्या. सर अजून वाकलेलेच होते. पोरांना आयुष्यभर गाठी शिकवणाऱ्या माणसाला एक नाडी बांधायला इतका वेळ लागत नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं.

नंतर चहा घेताना मी विचारलं, "सर, तुम्ही जायची तयारी करून राहिले का?"

"हव," ते म्हणाले. "वय झालं, ताई. आज ना उद्या जायचंच आहे. पण जागा रिकामी ठेवून नाही जात मी. तुमचा आवाज जमला की मी मोकळा."

मला फार वाईट वाटलं, आणि त्यांनी माझी निवड केली याचा आनंदही झाला, आणि त्या आनंदाचाही राग आला.

तेव्हापासून दर रविवारी सर मला पुढे उभं करतात. नालेच्या तोंडाशी मी, आणि ते बाजूला. खरं तर आता मला आज्ञा देता येते. घरी गच्चीवर मी सराव केला आहे आणि मुलगी म्हणालीसुद्धा, "मम्मी, अब तो एकदम परफेक्ट है." तिला मी सक्त ताकीद दिली आहे की हे मैदानावर कोणाला सांगायचं नाही. रविवारी मी आवाज थोडा आत ओढते आणि शेवटचा शब्द घसरू देते. सर ऐकतात, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघतात आणि म्हणतात, "अजून कच्चं आहे, ताई. पुढच्या रविवारी पाहू." मी मान खाली घालून हो म्हणते. आणि पुढच्या रविवारी सर येतात.